कारणाचा रकाना

मिलिंद रंगारी या माणसाच्या तोंडून ‘चालेल’ हा शब्द मी अकरा वर्षांत एकदाही ऐकला नाही. आपण मराठी माणसं दिवसातून पन्नास वेळा चालेल म्हणतो. चहात साखर कमी आहे, चालेल. मीटिंग चारवर ढकलली, चालेल. रंगारींना काहीच चालायचं नाही. आणि एखादी गोष्ट का चालत नाही हे सापडेपर्यंत ते स्वतः स्वस्थ बसायचे नाहीत, दुसऱ्याला बसू द्यायचे नाहीत. बायको सोडली तर त्या दुसऱ्यांमध्ये पहिला नंबर माझा होता. आता याला नशीब म्हणायचं की भोग, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

परदेशात, नोव्हाय नावाच्या गावी, आम्ही एकाच कंपनीत होतो. गाड्यांमधल्या वायरिंगची तपासणी करणारी लॅब. ऑफिसात तीन मिलिंद होते, म्हणून हे रंगारी. मूळचे यवतमाळकडचे, शिकले नागपूरला. वडील जिनिंगमध्ये कामाला होते, त्यामुळे कापसावर बोलायला लागले की थांबायचे नाहीत. आमची घरं एकाच कॉलनीत, एकमेकांपासून चार दारं सोडून. मग ओघानंच कारपूल आलं. जायला अठ्ठावीस मिनिटं, यायला अठ्ठावीस मिनिटं, आणि मध्ये रंगारी.

ओळख झाली तीच डोक्याला ताप देत. माझ्या गाडीच्या उजव्या बाजूनं खडखड यायला लागली होती. मी आपली सहज बोलले, तर शनिवारी सकाळी हे टॉर्च आणि वही घेऊन दारात हजर. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम. चार शनिवार गेले. पहिल्या शनिवारी चाकाचे नट आवळले आणि म्हणाले, आता आठवडाभर चालव. मी म्हटलं, आलाच आहात तर ब्रेकपण बघून घ्या ना.

"एका वेळी एकच बदल," रंगारी म्हणाले. "दोन केले तं कळणार कसं, कशानं झालं?"

दुसऱ्या शनिवारी ब्रेक झाले. तिसऱ्या शनिवारी कसलासा रबरी तुकडा. चौथ्या शनिवारी माझ्या मुलीनं सीटखाली हात घालून स्टीलचं एक झाकण काढून दिलं, लाडवाच्या डब्याचं. खडखड बंद. मी कपाळावर हात मारून घेतला. रंगारींनी शांतपणे वही उघडली आणि शेवटच्या रकान्यात, जिथं वर ‘कारण’ असं लिहिलं होतं तिथं, सुवाच्य अक्षरात लिहिलं: डब्याचं झाकण. पुढं सही केली. चार शनिवार फुकट गेले असं त्यांना मुळीच वाटलं नव्हतं. उलट नट, ब्रेक आणि रबर हे तिन्ही निर्दोष आहेत हे आता सिद्ध झालं, असं ते मला समजावून सांगत होते.

त्या रकान्याचा एक नियम होता. सिद्ध होईपर्यंत कारण लिहायचं नाही. अंदाज लिहायचा नाही, शंका लिहायची नाही. रकाना कोरा ठेवायचा. ऑफिसात त्यांच्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या इंजिनिअरला त्यांनी हे शिकवलं, आणि त्यातल्या निम्म्यांनी वर्षाच्या आत दुसऱ्या टीममध्ये बदली मागून घेतली.

आता रंगारींच्या वेपबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच झालं. वीस वर्षं हा माणूस सिगारेट ओढत होता. मग एके वर्षी सिगारेट टाकली आणि हे बॅटरीवर लिक्विड तापवून त्याची वाफ ओढायचं यंत्र हातात घेतलं. चांगली गोष्ट झाली, मी म्हणतेच. पण साधी माणसं त्यातली तापायची कॉइल दुकानातून तयार आणतात, जळली की फेकतात, दुसरी बसवतात. रंगारींना ते कसं चालणार? त्यांच्याकडे स्वतः कॉइल वळून बसवायची लिक्विडची टाकी होती. गॅरेजमध्ये एका टेबलावर सगळा संसार मांडलेला: केसासारख्या तारेची रिळं, चिमटे, कात्र्या, ओहम मोजायचा मीटर आणि कापसाचे पांढरे पट्टे.

तीन मिलिमीटरच्या दांडीवर ती तार सहा वेळा वळायची. वेढे एकमेकांना चिकटले पाहिजेत, पण एकमेकांवर चढता कामा नयेत. मग दोन स्क्रूंमध्ये टोकं आवळायची, उरलेली तार कापायची, मीटर लावायचा. आधी मीटर, मग बॅटरी, हे दिवसातून दहा वेळा बोलून दाखवायचं. मग बटण टिचकीसारखं दाबायचं. कॉइल तापून लाल झाली पाहिजे आणि लाली मधून सुरू होऊन दोन्ही कडांकडे पसरली पाहिजे. एका कडेला आधी लाल झाली की रंगारींचा चेहरा पडायचा. मग चिमट्यानं वेढे खरवडायचे, दाबायचे, पुन्हा बटण. मग त्या कॉइलमधून कापसाची वात ओढायची. वात घट्ट झाली तर तिला लिक्विड पोचत नाही, कापूस जळतो आणि घसा करपून निघतो. सैल झाली तर लिक्विड भरून यंत्र गुळगुळ वाजतं आणि खिशात गळतं. रंगारींच्या प्रत्येक शर्टाच्या खिशावर एक तेलकट डाग होता. सुनंदाताई, म्हणजे त्यांची बायको, ते शर्ट वेगळ्या टोपलीत टाकायच्या.

हे सगळं मला पाठ आहे, आणि मी आयुष्यात एक झुरका ओढलेला नाही. रोजची छप्पन्न मिनिटं, दुसरं काय.

एका उन्हाळ्यात माझ्या सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. चातुर्मास जवळ आला म्हणून दुपारभर मागच्या पॅटिओवर बसून वाती वळायच्या. रंगारी माझ्याकडे शिडी मागायला आले आणि शिडी विसरून त्यांच्यासमोर मांडी घालून बसले.

"काकू, किती घट्ट वळता?"

"बोटाला कळतं."

"बोटाला काय कळते?"

सासूबाईंना असा प्रश्न उभ्या जन्मात कुणी विचारला नसेल. त्यांनी विचार केला. "पीळ जास्त दिला तर तेल वर चढत नाही, नुसती काजळी धरते," त्या म्हणाल्या. "पीळ कमी दिला तर भसाभसा तेल पिते आणि निरांजनात सांडून ठेवते."

रंगारींनी खिशातून वही काढली. नंतर आठवडाभर ते रोज संध्याकाळी येत होते, आणि सासूबाई मला म्हणत होत्या की एवढ्या परदेशात राहून माणूस किती भाविक आहे बघ. रंगारींच्या कानावर ते गेलं, तर त्यांनी लगेच सांगून टाकलं, "काकू, मी बुद्धिस्ट आहे. निरांजन नाही लावत. माझी वात वेगळ्या कामाची आहे." ते वेगळं काम काय, हे सासूबाईंना त्याच रविवारी दिसलं. रंगारी आमच्या कुंपणापाशी उभे होते आणि त्यांच्या तोंडातून हा एवढा ढग बाहेर पडला, आंब्याच्या वासाचा.

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे मी याच्यासाठी शिकवत होते होय? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच. विडी सुटली, पण धूर काही सुटला नाही."

"बरोबर आहे काकू," रंगारी म्हणाले. पण वहीत त्यांनी लिहिलं होतं: कारण, वातीला पीळ जास्त. मार्गदर्शन, काकू. सासूबाईंनी साताऱ्याला परत जाताना कापसाची एक गुंडाळी त्यांच्यासाठी ठेवलीच. वर मला बजावलं की त्याला दे, पण मी दिली म्हणून सांगू नकोस.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मग त्यांची कंबर बिघडली.

आधी नुसतं दुखत होतं. मग डाव्या पायातली शक्ती जायला लागली. चप्पल निसटून मागं राहिली तरी कळायचं नाही, चार पावलं पुढं जाऊन मग खाली बघायचे. त्या हिवाळ्यात सकाळी ते माझ्या गाडीकडे चालत यायचे तेव्हा बर्फात उजव्या पायाचा ठसा उमटायचा आणि डाव्या पायाची नुसती रेघ. गाडी चालवणं बंद झालं. सर्जननं सांगितलं, कमरेतले दोन मणके स्क्रू घालून जोडावे लागतील. आणि एक अट घातली: निकोटिन पूर्ण बंद. अंगात निकोटिन असलं की हाड नीट जुळत नाही, त्यामुळे आधी रक्त तपासणार आणि सापडलं तर ऑपरेशन होणार नाही. फार थांबूही नका, नस जास्त दिवस दबलेली राहिली तर पाय कायमचा असाच राहील.

इतकं साधं गणित. पहिलीतल्या पोराला कळेल. लिक्विड बिनानिकोटिनचंही मिळतं, त्याच दुकानात, त्याच आंब्याच्या वासाचं. रंगारी सहा मिलिग्रॅमचं ओढत होते. तीनचं आणायचं, मग शून्याचं. झालं. पण रंगारी गाडीत मागच्या सीटवर आडवे पडून मला सांगायचे, "सध्या कॉइल स्टेबल नाही ना. एकदा कॉइल स्टेबल झाली की लिक्विड बदलीन. दोन्ही एकदम बदललं तं कळणार कसं, कशाचा परिणाम आहे?"

"अहो रंगारी, पाय जाईल तुमचा."

"जाणार नाही. एप्रिलपर्यंत कॉइल सेट होते पाहा."

सांगून सांगून माझी जीभ झिजली. सुनंदाताईंची तर त्याच्या कितीतरी आधी झिजली होती. निकोटिनचे पॅच आणले, तर म्हणे त्यातही निकोटिनच असते, मग टेस्टमध्ये येणारच. गोष्ट खरी होती, पण खऱ्या गोष्टीमागं लपणारी माणसं मला कधीच आवडली नाहीत. जानेवारीत रक्त तपासलं. व्हायचं तेच झालं. ऑपरेशन रद्द. पुढची तारीख जूनमधली मिळाली. त्या दिवशी घरी परत येताना सुनंदाताई पुढच्या सीटवर रडत होत्या आणि मागून आवाज आला की माझी नवी वात थोडी आखूड झाली आहे का, तुला काय वाटते वृषाली? मी गाडी थांबवून त्यांना तिथंच उतरवणार होते. खरंच उतरवणार होते, पण बाहेर उणे बारा होतं.

पंधरा दिवसांनी सुनंदाताईंनी मला इंडियन ग्रोसरीत आट्याच्या रांगेत गाठलं. त्या एका फार्मसीत टेक्निशियन आहेत. बारीक चणीची, हळू बोलणारी बाई. तीस वर्षं नवऱ्याच्या वह्या झटकून जागेवर ठेवणारी. इकडं तिकडं बघून म्हणाल्या, "मी शून्याच्या बाटल्या आणल्या आहेत."

मला आधी कळेना. मग त्यांनी सांगितलं. कपाटात रंगारींच्या सहा मिलिग्रॅमच्या बाटल्यांचा साठा होता. दोन आठवड्यांना एक बाटली लागायची. पहिल्या बाटलीतलं पाव लिक्विड ताईंनी सिरिंजनं काढून टाकलं होतं आणि तेवढंच शून्याचं भरलं होतं. पुढच्या बाटलीत थोडं अजून. असं करत मे महिन्यात पूर्ण शून्य.

"सील?" मी विचारलं.

"त्यांचं कुठं लक्ष असतं सीलकडं. त्यांचा सगळा जीव त्या तारेत." मग म्हणाल्या, "पायात चप्पल नसल्याचं कळत नाही त्यांना, वृषाली. काल स्वयंपाकघरात काच फुटली होती, त्यावरून चालत गेले. मी काय करू?"

नवऱ्याला न सांगता त्याच्या बाटलीत काहीबाही भरायचं, हे बरोबर आहे असं मी तेव्हा म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही. सांगितलं तर ते चिडतील, नवी बाटली आणतील, आणि तीस वर्षांत कधी नव्हे तो बायकोवरचा विश्वास जाईल, हे ताईंनाही माहीत होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी फक्त म्हटलं, मी कुणाला बोलणार नाही. आणि आट्याची पिशवी उचलून गाडीत ठेवली.

त्यानंतरचे चार महिने मी कसे काढले ते मलाच माहीत. कारण झालं असं की लिक्विडमधलं निकोटिन कमी झालं की घशाला लागणारा तो ठसका कमी होतो. रंगारींना तो फरक जाणवला. आणि रंगारींना काही जाणवलं की तपास सुरू.

"वृषाली, हिट येऊन नाही राहिली."

"अस्सं?"

"तार बदलतो. जाडी एक नंबर वर घेतो."

दोन दिवसांनी: तारेनं फरक नाही. मग सहाचे सात वेढे. मग सातचे पाच. मग वात लांब, वात आखूड, वातीची टोकं पिंजून. मग हवेची भोकं अर्धी बंद. मग वॅट वाढवले, तर कापूस करपला. मग पूर्ण टाकी उकळत्या पाण्यात टाकून घासली. मग दुसरी टाकी मागवली. प्रत्येक चाचणीला वहीत एक ओळ: तार, वेढे, ओहम, वात, तक्रार. आणि शेवटचा रकाना कोरा. मी स्टिअरिंग धरून हं हं करत होते. एकदा तर माझ्या तोंडून निघून गेलं, "लिक्विडच जुनं झालं नसेल ना?" आणि मी जीभ चावली. मागं वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"असं नसते," रंगारी म्हणाले. "लिक्विड घरातलं आहे. आधी बाहेरचं तपासायचं."

याला काय म्हणावं? उंटावरचा शहाणा म्हणावं, तर त्यालाही खाली उतरायचं कळतं. चिडचिड वाढली होती त्यांची, झोप उडाली होती, पण ते खापर कमरेवर फोडत होते. मे संपला तेव्हा चौतीस चाचण्या झाल्या होत्या. चौतीस कोरे रकाने.

जूनमध्ये रक्त देऊन झालं आणि आठवड्यानं आम्ही तिघं क्लिनिकमध्ये निकालाला गेलो. तोवर रंगारींना काठी लागायला लागली होती. नर्स हसतमुख होती. तिनं कागद बघितला आणि सांगितलं, अभिनंदन, निकोटिन नाही, ऑपरेशन ठरल्या तारखेला होईल.

सुनंदाताईंनी डोळे मिटले. मी सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात रंगारी काठीवर भार देऊन उभे राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, "हे शक्य नाही. मी रोज सहा मिलिग्रॅमचं ओढतो. सॅम्पलची अदलाबदल झाली असणार. पुन्हा रक्त घ्या."

जगात असा माणूस असेल का, की जो आपल्या बाजूनं लागलेल्या निकालावर अपील करतो? नर्स गोंधळली. तिनं पुन्हा नाव बघितलं, जन्मतारीख बघितली. रंगारी तिला सॅम्पलवर लेबल कधी लावतात, कोण लावतं, एका वेळी किती लावतात, हे विचारायला लागले. ती म्हणाली, सर, तुम्ही सध्या निकोटिन घेत असाल तर मला सर्जनला सांगावं लागेल. आणि ती खरंच फोन उचलायला वळली. पाच महिने, आट्याची रांग, चौतीस चाचण्या, सगळं त्या फोनवर येऊन थांबलं होतं.

"अहो, बसा," सुनंदाताई मराठीत म्हणाल्या. आवाज इतका बारीक की मला वाटलं, त्यांना ऐकू गेलाच नसेल. "तुमच्या बाटलीत काही नाही. मी काढलं."

रंगारी बसले. नर्सला मीच जमेल तसं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि पुन्हा एकदा रक्त घेऊ या म्हणाली. तेही तसंच निघालं.

घरी येताना रंगारी मागच्या सीटवर आडवे झाले. मग मागून प्रश्न यायला लागले.

"पहिल्या बाटलीत किती?"

"पाव," सुनंदाताई म्हणाल्या.

"मापलं कशानं?"

"सिरिंजनं. दहा मिलीची."

"प्रत्येक वेळी तीच?"

"हो."

"हं," रंगारी म्हणाले. पेनचा आवाज येत होता, ते लिहून घेत होते. मग एकदम म्हणाले, "चौतीस टेस्ट. चार महिने मी त्या बिचाऱ्या तारेला दोष देऊन राहिलो. एक शब्द सांगितला असता तं काय झालं असतं?"

"तुम्ही दुकानात गेला असता," सुनंदाताई म्हणाल्या.

रंगारींनी वही मिटली. नऊ दिवस बोलले नाहीत, ना ताईंशी ना माझ्याशी. ऑपरेशनच्या आधी काहीच ओढायचं नाही असं सांगितलेलं होतं, ते मात्र मुकाट पाळलं. गुंगीचं औषध द्यायला नेत होते तेव्हा त्यांनी सुनंदाताईंचा हात धरला होता, एवढं मी दारातून पाहिलं. नऊ दिवसांचा हिशोब तिथं संपला असावा.

हाड जुळायला मोठा काळ लागतो. पट्टा बांधून आमच्या कॉलनीच्या वळणापर्यंत आणि परत, अशा त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. यंत्र पुन्हा हातात घेतलं नाही. त्याबद्दल बोललेही नाहीत, आणि मी विचारलं नाही. मला वाटलं, बाई, झोपलेलं पोर उठवू नये.

नोव्हेंबरमध्ये माझं मॉरिसव्हिलला, दुसऱ्या राज्यात, जायचं ठरलं. नवी नोकरी. शेवटच्या शनिवारी मी उरलेले रंगाचे डबे काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर टाकायला निघाले होते, तर रंगारींचा फोन आला की त्यांच्याही जुन्या बॅटऱ्या आहेत, साध्या कचऱ्यात टाकता येत नाहीत, घेऊन जातेस का? मी गाडी त्यांच्या गॅरेजसमोर लावली. पहाटे पहिला बर्फ पडला होता. ते खोका घेऊन माझ्याकडे चालत आले, सावकाश, आणि मी न ठरवता खाली बघितलं. बर्फात दोन्ही पायांचे ठसे होते. डावा जरा पुसट, पण ठसाच.

खोक्यात सगळं होतं. बॅटऱ्या, टाक्या, तारेची रिळं, सासूबाईंनी दिलेली कापसाची गुंडाळी, आणि सगळ्यांत खाली वही.

"वही कशाला टाकताय?" मी म्हटलं आणि उघडली. शेवटची पानं चाळली. चौतीस ओळी, चौतीस कोरे रकाने. आणि अकराव्या ओळीशेजारी समासात, पेन्सिलनं, बारीक अक्षरात लिहिलं होतं: नवी बाटली, सील तुटलेलं. लिक्विडवर शंका. तपासायचं नाही.

मी ते दोनदा वाचलं. अकरावी ओळ म्हणजे मार्च. या माणसानं वहीत कधी शंका लिहिली नव्हती.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"माहीत नव्हतं. शंका होती."

"मग पुढच्या तेवीस टेस्ट कशाला केल्या? माझं डोकं कशाला खाल्लं? आणि त्या नर्सशी कशाला भांडलात?"

रंगारी स्टुलावर बसले. पट्टा सैल केला. "लिक्विड तपासलं असतं तं कळलं असतं," ते म्हणाले. "कळलं असतं तं मी दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो असतो. मी मला ओळखतो ना. म्हणून सगळं तपासलं, तेवढं सोडून. आणि नर्सनं विचारलं तं वहीत सहा आहे, मी सहाच सांगणार. शंका कशी सांगू?"

रागवावं तर त्यांचं तोंड दिसत होतं समोर. "सुनंदाताईंना सांगितलंत हे?"

"सांगतो," ते म्हणाले. "आण ती वही. टाकायची नाही. अर्धवट राहिली आहे."

त्यांनी पेन काढलं, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि ‘कारण’च्या रकान्यात लिहिलं: सुनंदा. सही केली. मग दुसऱ्या ओळीत: सुनंदा. सही. तिसऱ्या ओळीत पुन्हा.

"अहो, खाली नुसतं डिट्टो करा ना," मी म्हटलं. "माझी गाडी चालू आहे. केंद्र बाराला बंद होतं."

"डिट्टो नाही चालत," रंगारी मान वर न करता म्हणाले, आणि चौथ्या ओळीत लिहायला लागले.